विद्येचा दाखला आणि कामाचा दाखला

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. शाळेंत असतां त्याजकडून आम्ही रूपावलि घोकून घेतली होती. पुढें तो विद्युत् अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. आतां नोकरी सोडून स्वतःच्या नांवानें वीजकामाची गुत्तेदारी करावी असा त्याचा बेत आहे. (पुण्याकडे ज्यास मक्तेदार किंवा कंत्राटदार म्हणतात त्यास आमच्या मराठवाड्यांत गुत्तेदार म्हणतात.) बोलण्याच्या ओघांत तो जरा त्रासून म्हणाला, "गुरुजी, चार वर्षें घासून पदवी मिळविली. आतां परवाना हवा तर म्हणतात, अनुभवाचे दाखले आणा, देखरेख करणाराचें प्रमाणपत्र आणा, मेगर आणि अर्थ टेस्टर दाखवा. मग पदवी कशाची? इंग्रजांच्या आधीं हें लचांड नव्हतें. ज्याला काम येई तो करी."

त्या वेळीं आम्हांस चटकन उत्तर सुचलें नाहीं. परंतु शेवटचें वाक्य मनांत राहिलें. कारण तें केवळ त्याचें नव्हे, पुष्कळ सुशिक्षितांचेंहि मत तसेंच आहे. कोणी म्हणतात, आमचे जुने कारागीर निरक्षर पण हातानें कुशल होते. परीक्षा, परवाना इत्यादि गोष्टी साहेबाबरोबर आल्या. कोणी अभिमानानें म्हणतात, सर्व कांहीं आमच्या शास्त्रांत आधींच होतें. दोन्ही मतें कितपत टिकतात हें पाहण्यास आम्हांस फार दूर जावें लागलें नाहीं. आमच्याच शहरांतील एका दारावर त्याचा पुरावा आहे. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

(१) द्वारावरील दोन नांवें

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील बिबी-का-मकबरा सर्वांच्या पाहण्यांतला आहे. दिलरास बानू बेगम इ. स. १६५७ त वारली. तिचें हें थडगें. हें काम शाहजादा आझमशहानें केलें असें सर्रास सांगतात, व आरंभाचें साल १६५१ देतात. परंतु जी बाई १६५७ त वारली तिच्या थडग्याचें काम सहा वर्षें आधीं कसें सुरू होईल? आणि आझमशहाचा जन्म १६५३ चा. इमारत उभी राहिली त्या १६६०-६१ च्या सुमारास तो सात-आठ वर्षांचा पोर होता. तेव्हां हें काम औरंगजेबाच्या आज्ञेनें व त्याच्याच खर्चानें झालें, असें मानणें सयुक्तिक होय. मुलाचें नांव मागाहून चिकटलें असावें.

पण आज आम्हांस इमारतीच्या धन्याशीं कर्तव्य नाहीं. प्रवेशद्वारावर जो लेख आहे त्यांत दोन नांवें आढळतात: एक अताउल्ला व दुसरें हंसपतराय. पहिल्यास इमारतीचा योजक व दुसऱ्यास ती उभारणारा अभियंता समजतात. बादशाही इमारतींवर बादशहाचें नांव असावें यांत नवल नाहीं. परंतु येथें काम करणारांचीं नांवें आहेत, आणि तीं एक नसून दोन आहेत. या दोन नांवांतच आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे.

(२) अताउल्लाची योग्यता

अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. आग्र्याचा ताज व दिल्लीचा लाल किल्ला यांचें काम आपल्या बापानें केलें, असें अताउल्लाचा भाऊ लुत्फुल्ला यानें आपल्या दिवाणांत लिहून ठेविलें आहे. म्हणजे घराण्याचा वारसा अताउल्लाच्या पाठीशीं होता. पण नुसत्या वारशावर तो थांबला नाहीं. हि. स. १०४४ (इ. स. १६३४-३५) मध्यें त्यानें भास्कराचार्यांच्या बीजगणिताचें फारशी भाषांतर करून तें शहाजहानास अर्पण केलें. याच फारशी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची यानें १८१३ त इंग्रजी पुस्तक काढलें. कोलब्रूकचें मूळ संस्कृतावरून केलेलें भाषांतर त्यानंतर, १८१७ त आलें. म्हणजे भास्कराचार्यांचें बीजगणित इंग्रजी वाचकांच्या हातीं पुस्तकरूपानें पडलें तें आमच्या मकबऱ्याच्या योजकाच्या लेखणींतून!

येथें एक योग लक्षांत घेण्याजोगा आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें मठ स्थापिला, त्याचा शके ११२८ चा लेख चाळीसगांवाजवळील पाटण येथें आहे. तो प्रथम भाऊ दाजींनीं उजेडांत आणला. देवगिरी येथून हाकेच्या अंतरावर, आणि पाटण डोंगराची रांग उतरून गेलें कीं लागतें. ज्या राजधानीच्या छायेखालीं तें गणित मठांत शिकविलें गेलें, तिच्याच शेजारीं साडेचार शतकांनीं त्याचा फारशी भाषांतरकार इमारतीचें सूत्र धरून उभा राहिला.

बीजगणित जाणणें व घुमट बांधणें यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर लीलावती उघडून पाहावें. तींत खातव्यवहार आहे, म्हणजे खणलेल्या खड्ड्याचें माप. चितिव्यवहार आहे, म्हणजे रचलेल्या विटांची गणती. आणि क्रकचव्यवहार आहे, म्हणजे करवतीनें कापलेल्या लांकडाचें क्षेत्र, ज्यावरून सुताराची मजुरी ठरे. आजच्या कोणत्याहि बांधकाम खात्याच्या मोजणीवहींत जें असतें तें याहून निराळें काय? गणित हें इमारतीच्या हिशेबाचें शास्त्र होतें, म्हणूनच फैजीनें १५८७ त लीलावती फारशींत आणली व पुढें अताउल्लानें बीजगणित.

शब्दहि याची साक्ष देतात. लुत्फुल्ला स्वतःस 'मुहंदिस' म्हणवी. या अरबी शब्दाचा अर्थ भूमितिज्ञ व अभियंता असा दुहेरी आहे; त्याच्या मुळाशीं असलेला 'हंदसा' हा शब्द फारशी 'अंदाज' म्हणजे माप याच्या कुळांतला. तोच 'अंदाज' मराठींत रुळला, आणि आज बांधकामाच्या आरंभीं जें 'अंदाजपत्रक' करतात त्यांत तो रोज दिसतो. मापानें बोलणारा तो मुहंदिस.

(३) हंसपतरायाची योग्यता

दुसरें नांव लोक वाचतात व पुढें जातात. हंसपतरायानें ग्रंथ लिहिल्याचें ऐकिवांत नाहीं. म्हणून त्याची योग्यता कमी, असें मात्र नाहीं. मकबऱ्याचें काम कशा स्वरूपाचें होतें तें पाहा. तळचा पट्टा व घुमट संगमरवराचे, मधला भाग आपल्या काळ्या दगडाचा, व बाकीचें बहुतेक गिलाव्याचें, तेंहि असें कीं पांढरेपणांत दुरून फरक कळूं नये. संगमरवर जयपुराकडील खाणींतला. तॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशानें सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना संगमरवरानें लादलेले सुमारें ३०० गाडे पाहिले. त्यांतल्या लहानांत लहान गाड्यासहि १२ बैल होते. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यांत इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे दिला आहे. साडेसहा लाखांवर खर्च होऊन जेथें सात आण्यांची बाकी निघते, तेथें कोणीतरी रोज सायंकाळीं मोजणी घेऊन, गाडे मोजून, मजूर मोजून हिशेब मिळवीत होता, हें उघड आहे. चुना किती दिवस मुरवावा, पावसाळ्यापूर्वीं कोणता थर पुरा व्हावा, कोणता पाथरवट कोठें ठेवावा, हें ज्ञान बीजगणितांत मिळत नाहीं. हंसपतराय या बाजूचा धनी.

अशी जोडी ही एकट्या औरंगाबादेची तऱ्हा नव्हे. मांडवगडास होशंगशहाच्या थडग्याच्या दारावर हि. स. १०७० (इ. स. १६५९-६०) चा एक लेख आहे. शहाजहानाचे चार स्थपति तेथें दर्शनास येऊन गेले, त्यांचीं नांवें त्यांत कोरलीं आहेत: लुत्फुल्ला मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम व उस्ताद हमीद. अताउल्लाचा हा भाऊ व त्याचे सोबती परक्या राज्यकर्त्याच्या, दोन शतकांपूर्वीं होऊन गेलेल्या कारागिरांचें काम पाहावयास गेले. धर्मानें दोन इकडचे, दोन तिकडचे. धंद्यानें चौघेहि एक. अशा मंडळींत 'ज्याला काम येई तो करी' असें नव्हतें. कोणास काम येतें हें धंद्यांतले लोक ओळखत, व ती ओळख दगडावर नोंदवीत.

उलट, याच शहराची पहिली मोठी बांधणी जी मलिक अंबराची नहर, तिच्या खापरी नळांचा उतार ज्यांनीं साधला त्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं नाहींत. राहिलें एकट्या अंबराचें. खडकी वसली १६१० त, आणि तिला पाणी पाजणारे हात विस्मृतींत गेले. म्हणून मकबऱ्यावरील त्या दोन नांवांचें मोल आम्हांस अधिक वाटतें.

(४) शास्त्रकारांचें म्हणणें

आतां ग्रंथांकडे वळूं. धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेलें समरांगणसूत्रधार त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनीं शोधून संपादिलें व तें १९२४-२५ त गायकवाड प्राच्य मालेंत निघालें. त्यांत स्थपतीला चार गोष्टी आवश्यक सांगितल्या आहेत: शास्त्र, कर्म, प्रज्ञा व शील. जो केवळ शास्त्र जाणतो पण कामांत मुरलेला नाहीं, तो ऐन वेळीं रणांगण पाहून भेदरलेल्या भित्र्यासारखा होतो. जो केवळ काम जाणतो पण शास्त्र जाणत नाहीं, तो आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या हाताला धरून चालतो. असा त्या प्रकरणाचा आशय आहे. आमच्या विद्यार्थ्याची तक्रार व तिचें उत्तर दोन्ही यांत आले.

भित्र्याचा हा दृष्टान्त सुश्रुताच्या वाचकांस ओळखीचा वाटेल. वैद्याविषयीं तेथें तो अगदीं याच रीतीनें येतो. सुश्रुत तर पुढें जातो. शिष्यानें कोहळा, दुध्या, कलिंगड अशा फळांवर छेदनाचा सराव करावा असें तो एका अध्यायांत सांगतो, आणि लगेच पुढच्या अध्यायांत, ज्यानें तंत्र अभ्यासिलें, अर्थ समजून घेतला, कर्म पाहिलें, स्वतः सराव केला व ज्यास राजाची अनुज्ञा मिळाली, त्यानेंच धंद्यास आरंभ करावा असें बजावतो. क्रम ध्यानांत घ्यावा: अध्ययन, दर्शन, सराव आणि शेवटीं राजानुज्ञा. परवान्याला यापेक्षां नेमका संस्कृत शब्द आम्हांस तरी सुचत नाहीं. मात्र तो वैद्यासाठीं आहे, स्थपतीसाठीं नव्हे, हा भेद आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

कारागिराच्या पैशाच्या जबाबदारीविषयीं कौटिल्य स्पष्ट आहे. नुकसान भरून देण्यास जे समर्थ, ज्यांची श्रेणी ग्वाही देते, अशांनींच दुसऱ्याचा माल कामासाठीं ठेवून घ्यावा. स्थळ, काळ व कामाचें स्वरूप ठरवून काम करावें. मुदत टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा व दुप्पट दंड घ्यावा, असे नियम कारुकरक्षणाच्या प्रकरणांत आहेत. आजच्या निविदेंतील अनामत रक्कम व विलंबाचा दंड वाचणारास हें नवखें वाटणार नाहीं.

तथापि येथें अभिमानी पक्षास आम्ही सावध करूं इच्छितों. ग्रंथांत नियम असणें व व्यवहारांत तो पाळला जाणें यांत अंतर असतें. भोजाच्या ग्रंथावरून प्रत्येक गवंड्याची परीक्षा होत असे, असें अनुमान काढणें म्हणजे धर्मशास्त्र वाचून गांवांत चोरी नव्हती असें म्हणण्यासारखें आहे. सिद्ध होतें तें इतकेंच: विद्या एक, कामाची सिद्धता दुसरी व जबाबदारीची पत तिसरी, हा विवेक आमच्याकडे जुना आहे. तो साहेबानें आणला नाहीं.

(५) इंग्रजी अमदानींत काय बदललें

बदल झाला तो दाखला कोणी द्यावयाचा यांत. पुण्यास १८५४ त सरकारी बांधकामासाठीं दुय्यम अधिकारी तयार करण्याकरितां अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. पुढें त्याचें कॉलेज झालें. मुंबई विश्वविद्यालय त्या विद्येची जी पदवी देई तिचें नांव एल्. सी. ई., म्हणजे 'लायसेन्शिएट'. ज्यास परवाना मिळाला तो, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. विश्वेश्वरय्या हीच पदवी पुण्यास घेऊन १८८४ त मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरले, आणि मुसा नदीच्या १९०८ च्या पुरानंतर १९०९ त निजामाच्या राज्यांत हैदराबादेस सल्ल्यासाठीं आले. पदवी म्हणजेच परवाना, हा समज त्या नांवांतून रुजला असल्यास आश्चर्य नाहीं. परंतु ती पदवी घेणारा नोकरींत शिरे. त्याची देखरेख वरचा अधिकारी करी. ठेका घेणें ही गोष्ट निराळीच राहिली.

याचें उत्तम उदाहरण बोरघाटाचें. १८५६ त घाटांतील लोहमार्गाचें काम फॅव्हिएल या ठेकेदारानें सुरू केलें व १८५९ त सोडलें. पुढें तें सॉलोमन ट्रेडवेल यानें घेतलें. तो त्याच वर्षीं, येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची विधवा ॲलिस हिनें ठेका सोडला नाहीं. तिनें ॲडम्सन व क्लाउझर या दोघां अभियंत्यांकडे काम सोंपविलें, आणि १८६३ त घाट सुरू झाला. ठेका बाईच्या नांवें, विद्या अभियंत्यांची, अंग हजारों मजुरांचें. अभियंत्यांच्या विद्येवांचून ठेका व्यर्थ होता. आणि ठेक्याची जोखीम उचलणारी नसती तर त्यांच्या विद्येस तेथें वाव मिळता ना. मकबऱ्याच्या दारावरचीं दोन नांवें येथें दोनशें वर्षांनीं निराळ्या वेषांत दिसतात.

(६) आजचा नियम

आतां विद्यार्थ्याच्या परवान्याकडे येऊं. वीजकामाचा मुख्य नियम १९५६ च्या विद्युत् नियमांपैकीं ४५ वा. ग्राहकाच्या जागेंत वीजजोडणीचें काम परवानाधारक ठेकेदारानेंच करावें. तें योग्यतेचें प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं व्हावें. आणि हात लावणारा तारतंत्रीहि परवान्याचा असावा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा किरकोळ वस्तु बदलणें एवढीच मोकळीक होती. २०१० त व पुन्हां २०२३ त हे नियम नव्यानें मांडले गेले, तरी गाभा तोच आहे. अभियंत्यास यांत सवलत आहे. पदवी वा पदविका असेल तर अनुभवाच्या दाखल्यावर पर्यवेक्षकाच्या परीक्षेंतून त्यास सूट मिळूं शकते. परंतु ठेकेदारीचा परवाना ही स्वतंत्र गोष्ट. तेथें उपकरणें मागतात, माणसें मागतात. बांधकाम खात्यांतहि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांची ठेकेदार म्हणून नोंदणी करून कामांचा कांहीं वाटा त्यांजसाठीं राखून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रांत पडली. तीहि पदवीस मान देते, पण नोंदणी निराळी ठेवते.

म्हणजे तीन माणसें, तीन कागद. मयमतांत स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि असे चार सांगितले आहेत. सूत्र धरणारा वेगळा, तासणारा वेगळा, जोडणारा वेगळा. संख्या बदलली, तत्त्व बदललें नाहीं. शास्त्र जाणणारा, पाहणारा, करणारा आणि भरून देणारा हे जेथें एकाच माणसांत येतात तेथें उत्तमच; येत नसतील तर प्रत्येकाचें नांव स्वतंत्र लिहिलेलें बरें. कारण भिंत पडली वा वीज लागून माणूस दगावला तर विचारावयाचें कोणास, हा प्रश्न उरतोच. मेगरनें तारेचें आवरण तपासतां येतें. तें न तपासतां सोडणारास पदवी वांचवीत नाहीं, आणि त्या घरांत राहणारासहि वांचवीत नाहीं.

मात्र विद्यार्थ्याच्या तक्रारींत एक सत्य आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. परवाना देणारा जेव्हां अनुभव न पाहतां केवळ अनुभवाचा कागद पाहतो, तेव्हां तो कागद विकत मिळूं लागतो, आणि प्रामाणिक माणूस रांगेंत मागें पडतो. भोजानें चौथी गोष्ट 'शील' म्हणून सांगितली ती याचसाठीं. तिच्यासाठीं कोणत्याहि फॉर्मांत रकाना नाहीं.

(७) संग्राहकांस विनंती

एक गोष्ट सांगून लेख आटोपतों. आम्ही पोथ्या जमवितों, सनदा जमवितों; परंतु बांधकामाचे कागद क्वचितच कोणी जमवितो. निजामशाहींतील तामीरात खात्याच्या मोजणीवह्या, गुत्तेदारांच्या रोजकीर्दी, गवंड्यांच्या घरचे मापांचे कागद व नकाशे, पुण्याच्या कॉलेजांतून निघालेल्या पहिल्या पिढीच्या वह्या, हें सर्व रद्दींत जाण्याच्या वाटेवर आहे. लुत्फुल्लाचें दिवाण हस्तलिखितरूपानें टिकून राहिलें, म्हणून ताजाच्या कर्त्याविषयीं त्याच्या पुत्राची साक्ष आम्हांस मिळाली. एखादा असाच कागद आमच्या एखाद्या वाचकाच्या माळ्यावर असेल, आणि त्यांत एखाद्या हंसपतरायाचा हिशेब निघेल. तो वाण्याच्या दुकानीं पुड्यांसाठीं जाऊं नये.

विद्यार्थ्यास आम्ही हें सर्व वाचून दाखविलें. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी अजून अताउल्लाच आहें." आम्ही म्हणालों, बाबा, अताउल्ला होणेंहि सोपें नाहीं, पण दारावर नांव कोरून घ्यावयाचें तर हंसपतराय शोध, नाहीं तर स्वतः हो. त्यानें एका जुन्या जाणत्या गुत्तेदाराच्या हाताखालीं वर्षभर काम करण्याचें ठरविलें आहे, अर्ज त्यानंतर. इत्यलम्.